खूण मिळेपर्यंत

ती गेल्याची बातमी डॉक्टरांनी आधी बाळंतपणात सोबतीला आलेल्या डूलाला सांगितली, नवऱ्याला नंतर. नवऱ्याच्या डोक्यात त्या बाईबद्दल जी आग पेटली ती तिथपासून.

संध्याकाळचे पाच वीस झाले होते. नवरा, म्हणजे शिट्टी, काचेच्या खोलीत नुकत्याच झालेल्या मुलीला बघायला गेला होता. मुलगी अडीच तासांची, वजन दोन किलो सातशे, नाकात नळी. नर्सने "दोनच मिनिटं हं" म्हणून आत सोडलं होतं आणि तो खरोखरच दोन मिनिटांत बाहेर आला होता. व्हरांड्याच्या पार टोकाला, ऑपरेशनच्या दाराशी डॉक्टर डूलाशी बोलत होते. डूलाच्या एका हातात फाइल होती, दुसऱ्या हातात त्याच्या बायकोच्या चपला. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाकावर मटकन बसली.

व्हरांडा लांबलचक होता. अर्ध्या वाटेतच त्याला कळून चुकलं होतं, तरी उरलेला व्हरांडा चालावाच लागला.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"नवरा."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा डूलाकडे बघितलं. "मला वाटलं ह्या पेशंटच्या बहीण," ते म्हणाले. मग त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला, दाब खाली आलाच नाही, मूल काढलं पण आई हाती लागली नाही. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी ते थोडक्यात उरकलं, हे शिट्टीच्या लक्षात आलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "लवकर आणलं असतं तर?"

"वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातात दोन तास असते."

शिट्टी डूलाकडे वळला. ती रडत होती. "फाइल द्या इकडे," तो म्हणाला. तिने दिली. "चपलासुद्धा." तिने चपलाही दिल्या. "आता निघा."

शिट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंच इमारती बांधायच्या जागेवर तो क्रेनला खुणा द्यायचं काम करायचा. क्रेन चालवणारा वर वीस मजल्यांवरच्या खोपटात बसलेला; खाली काय बांधलंय, कोण उभं आहे, त्याला काही दिसत नाही. खालच्या माणसाने हात दाखवायचा, शिट्टी वाजवायची, आणि मगच वरच्याने लोखंड उचलायचं. चौदा वर्षांत ह्याच्या खुणेवर एक सळई खाली पडली नव्हती. खुणेशिवाय हलायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की बायको घरात थट्टा करायची. "वाढू का, की आधी शिट्टी वाजवतोस?"

बायको शाळेत गणित शिकवायची. तीही नेमकेपणात त्याच्या तोडीस तोड. दोघांचं जमलंच मुळी त्यावर.

सातव्या महिन्यात तिने डूला घरी आणली. शिट्टीने दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याला सांगितलं, तेव्हा क्रेनवाला म्हणाला, "डूला म्हणजे काय रे बाबा?"

"बाळंतपणात सोबत करणारी बाई. कळा येतात तेव्हा पाठ चोळते, श्वास घ्यायला लावते, धीर देते."

"आणि बाळ कोण काढतं?"

"बाळ डॉक्टरच काढतात."

"मग तू काय करणार?"

"मी पण सोबत."

"म्हणजे एक बाई बाळंत होणार आणि दोन माणसं बसून बघणार. झकास नोकरी आहे. माझं पण नाव घाल."

डूला पन्नाशीची, आखूड केसांची, मोठी पिशवी वागवणारी बाई होती. बायको तिला ताई म्हणायची. पिशवीत रबरी गरम पाण्याची थैली, तेलाची बाटली, मऊ उशी आणि एक निळ्या पुठ्ठ्याची रेघी वही. ह्या वहीत ती अख्खं बाळंतपण घड्याळ लावून लिहायची. बाई कधी काय म्हणाली, कोणी काय केलं, सगळं. मग दीड महिन्याने ते स्वच्छ अक्षरात उतरवून आईच्या हातात द्यायची. "आईला त्यातलं निम्मंही आठवत नाही," ती म्हणाली. "आपल्याच आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तो दुसऱ्यांनाच माहीत. म्हणून लिहायचं."

शिट्टीला हे फाजील लाड वाटले. पण तिने जे दुसरं सांगितलं ते त्याला एकदम पटलं.

"कळा वाढल्या की प्रत्येक बाई म्हणते, बास झालं, चला दवाखान्यात, इंजेक्शन द्या," डूला म्हणाली. "ते सगळं खरंच असतं असं नाही. बोलल्याने बाईला बरं वाटतं. आपण घाबरून लगेच पळापळ केली तर दवाखान्यातून परत पाठवतात. म्हणून एक शब्द ठरवायचा. तो शब्द आला की एकही प्रश्न न विचारता निघायचं. तो येईपर्यंत आपण धीर द्यायचा."

बायकोच्या मैत्रिणीला दवाखान्याने दोनदा घरी पाठवलं होतं, त्यामुळे तिलाही हे हवंच होतं. आणि शिट्टी तर खुर्ची पुढे ओढून बसला. ही भाषा त्याची होती.

"असा शब्द निवडा जो एरवी तोंडात येणार नाही," डूला म्हणाली.

"कर्कटक," बायको म्हणाली.

"हा काय शब्द झाला? वर्गात दिवसातून दहादा म्हणतेस तू तो," शिट्टी म्हणाला.

"वर्गात. कळा देताना कशाला म्हणेन? आणि विसरायची भीती नाही."

तिघं हसले आणि ठरलं.

त्याचा शेवट कसा झाला ते त्या व्हरांड्यात आलंच आहे.

मुलीला आठवड्याने दवाखान्यातून सोडलं तेव्हा सासूबाई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. "थोडे दिवस," त्या म्हणाल्या. सासूबाई शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे, गळ्यात सदा टेप. शिट्टीच्या घरापासून दोन बस बदलून जावं लागायचं. एकट्या पुरुषाला आठ दिवसांचं मूल झेपणार नाही, हे त्यालाही कळत होतं, म्हणून तो काही बोलला नाही.

भेटायला लोक येत होते. त्यांना तो एकच सांगायचा: "त्या बाईने घरी बसवून ठेवलं. ही म्हणत होती दवाखान्यात चला, पण बाईचं आपलं श्वास घ्या, श्वास सोडा." पहिल्यांदा सांगताना त्याची जीभ अडखळली होती. दहाव्यांदा ते तोंडपाठ झालं. लोक हळहळायचे, डूला नावाच्या प्रकाराला चार शिव्या घालायचे आणि निघून जायचे.

एका रविवारी त्याने सासूबाईंना हेच सांगितलं. त्या मुलीला मांडीवर घेऊन बाटलीने पाजत होत्या.

"आणि तुम्ही कुठे होतात?" त्यांनी विचारलं.

"तिथेच होतो."

"मग तिने चला म्हटल्यावर तुम्ही का नाही उठलात?"

"अहो आई, ती बाई..."

"बाईचं मला सांगू नका, जावईबापू. बाई माझी कोणी लागत नाही." त्यांनी बाटली काढून बाळाचं तोंड पुसलं. "साडेसातला माझ्या पोरीने मला फोन केला, म्हणाली कळा सुरू झाल्या, आई, आज मजा आहे. दोन वाजता तुमचा फोन आला की झटका आला. मधले साडेसहा तास माझी पोर बोलत होती. काय बोलत होती?"

शिट्टीने बाटलीचं झाकण उचलून ते पुसायला घेतलं.

"मला ते हवंय. तिने काय काय म्हटलं, सगळं. ते ऐकल्यावर मूल घेऊन जा. मी अडवणार नाही, तुमचंच आहे. पण त्याच्याआधी ह्या घरातून मूल हलणार नाही."

"म्हणजे मी काही लपवतोय असं म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. मी विचारतेय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच मुलीसाठी आपणच हजेरी द्यायची! "ती बाई सगळं वहीत लिहायची," तो उठत म्हणाला. "ती वहीच आणून टाकतो तुमच्यापुढे. मग बघा कोण काय करत होतं."

"आणा," सासूबाई म्हणाल्या.

डूला दर शनिवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जोडप्यांचा वर्ग घ्यायची. शिट्टी तिथे गेला. खाली चटया अंथरलेल्या, आठ बायका पोट सावरत बसलेल्या, त्यांच्या पाठीशी आठ नवरे. डूला मध्ये उभी राहून सांगत होती, पाठ कशी चोळायची.

शिट्टी दारात उभा राहिला. "सगळं शिकवून झालं की माझ्या बायकोचं पण सांगा ह्यांना," तो म्हणाला.

डूलाचे हात खाली आले.

"मी सांगू? हिच्या नादी लागून माझी बायको गेली. घरात. हिच्या डोळ्यांदेखत. मुलगी आईविना वाढतेय. घ्या, चोळा पाठ."

एका नवऱ्याने उठून बायकोला हात दिला. "चल," तो म्हणाला. त्यांच्या मागे आणखी एक जोडपं उठलं. जिन्यात त्यांच्या पायांचा आवाज येत राहिला.

डूला दाराशी आली. जवळून ती बारीक झालेली दिसत होती. "झालं तुमचं?"

"वही पाहिजे मला."

"मी दीड महिन्याने आले होते घेऊन. तुम्ही दार माझ्या तोंडावर लावलंत."

"आता उघडलंय. द्या."

"फाडाल."

"का फाडीन? त्यात तुमचेच प्रताप असणार."

डूलाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला एक पाऊल मागे जावंसं वाटलं. "खरंच आठवत नाही तुम्हाला?" तिने विचारलं. "की आठवायचं नाही?"

"काय आठवायचं?"

"घरी या. मी वाचून दाखवीन. ऐकून झाल्यावर प्रत देईन. न ऐकता मिळणार नाही. ती वही तुमच्या बायकोची आहे, तुमची नाही." मग खोलीकडे वळून ती म्हणाली, "ज्यांना जायचंय त्यांनी जावं. ह्यांची बायको गेली हे खरं आहे. मी तिथे होते हेही खरं आहे." आणि तिने दार लावून घेतलं.

शिट्टी खाली उतरला. आपण जिंकलो की हरलो हे त्याला समजेना. तो तिच्या घरी गेला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. बोलावतेय म्हणजे काहीतरी डाव असणार, असं त्याने स्वतःला पटवलं.

तिसऱ्या सोमवारी कामावर नवी माणसं आली. दर वेळी नव्या माणसांना उभं करून नियम सांगायचे, हे काम शिट्टीचं. अकरा माणसं, डोक्यावर नव्या पिवळ्या टोप्या, कोणाच्या टोपीचा पट्टा हनुवटीखाली, कोणाचा कानावर. क्रेनवाला अजून वर चढला नव्हता. तो बाजूला विडी ओढत उभा होता.

"पहिली गोष्ट," शिट्टी म्हणाला, "क्रेनला खूण एकाच माणसाची. माझी. मध्येच कोणी शहाणपणा करून हात हलवायचे नाहीत. दुसरी गोष्ट. खूण कळली नाही तर क्रेन हलणार नाही. अंदाजाने काही करायचं नाही. तिसरी गोष्ट. थांबायची खूण मात्र..."

चौदा वर्षं तो हे म्हणत आला होता. झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता. आज त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"मात्र काय, साहेब?" एकाने विचारलं.

क्रेनवाल्याने विडी टाकली. "पुढे बोल की, शिट्टी." तरी हा बोलेना, तेव्हा क्रेनवालाच पुढे झाला. "थांबायची खूण कोणीही द्यायची. साहेबाने द्या, झाडूवाल्या बाईने द्या. हात वर करून द्या नाहीतर नुसतं ओरडा. खूण बरोबर आहे की चूक, हे बघत बसायचं नाही. कोणी थांब म्हटलं की क्रेन जागच्या जागी थांबते. आधी थांबायचं, मग विचारायचं. कळलं का?"

माणसांनी माना डोलावल्या.

"काय रे, बरं नाही का?" क्रेनवाल्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"ती चला म्हणत होती," शिट्टी म्हणाला.

"कोण?"

जेवणाच्या सुट्टीत शिट्टीने अर्धा दिवस रजा टाकली आणि तो डूलाच्या घरी गेला.

डूलाने त्याला बसा म्हटलं नाही. स्वतःही बसली नाही. खोलीत एक टेबल, एक कपाट, भिंतीवर बाळांचे फोटो होते, त्यातले काही काढल्याचे फिकट चौकोन. तिने कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

"मध्ये बोलायचं नाही," ती म्हणाली.

"वाचा."

पहिली तीन पानं साधी होती. साडेसात, आईला फोन. आठ वीस, आंघोळ. नऊ, चार जिने उतरून पुन्हा चढलो, ती पुढे, आम्ही मागे. नऊ चाळीस, नवऱ्याला म्हणाली, मुलगा झाला तर त्याला तुझी शिट्टी द्यायची नाही. दहा दहा, कळ ओसरल्यावर सतराचा पाढा म्हणून दाखवला. अकरा, मला म्हणाली, ताई, तुमचे हात गरम आहेत, काढू नका. शिट्टी भिंतीला टेकला. ही सगळी वाक्यं त्याच्या कानात बायकोच्याच आवाजात येत होती.

डूलाने पान उलटलं. तिचा आवाज बदलला नाही.

"अकरा वीस. डोकं दुखतंय म्हणते. कपाळावर ओला रुमाल. अकरा चाळीस. चला, दवाखान्यात जाऊ, म्हणाली. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, शब्द आलेला नाही. थांबलो. बारा दहा. पुन्हा म्हणाली. मी विचारलं, शब्द? ती म्हणाली, आठवत नाही. तो, काय तो, टोकाचा, वर्तुळ काढायचा. नवरा म्हणाला, गणिताच्या बाई नापास. आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही."

शिट्टीने तोंडावर हात धरला.

"बारा पन्नास. उलटी. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. मी विचारलं, फोन करू का? नवरा म्हणाला, नियम तुमचाच ना? एक पंधरा. बरगडीखाली दुखतंय. बोलणं कमी झालं. मी म्हटलं, निघू या. तो म्हणाला, तिला विचारा. तिला विचारलं. ती म्हणाली, शिट्टी, मला तो शब्द सांग ना, म्हणजे मी म्हणते. तो म्हणाला, मी सांगितला तर काय उपयोग. एक पस्तीस. झटका."

डूलाने वही मिटली.

"हे तू नंतर लिहिलंस," शिट्टी म्हणाला. तुम्हीचा तू कधी झाला ते त्यालाही कळलं नाही. "मला गुंतवायला लिहिलंस."

"अकरा चाळीसला 'तो म्हणाला' असं लिहिताना मला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवलंय?"

"नियम तुझा होता!"

"माझा होता."

"डोकं दुखणं, काजवे, ह्याचा अर्थ तुला माहीत होता. मला नव्हता."

"माहीत होता. माझ्या धोक्याच्या खुणांच्या यादीत दुसऱ्या नंबरला आहे." ती मागे हटली नाही. "मी तुला विचारायला नको होतं. तिने चला म्हटलं तेव्हाच दार उघडायला हवं होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू इतका ठाम होतास, मला वाटलं, नवरा आहे, ह्याला कळतंय. हे मी रोज स्वतःला सांगते, तुझ्याकडून ऐकायची गरज नाही. पण तू गावभर जे सांगत फिरतोस, त्यात तू त्या खोलीत नव्हतासच."

"तू माफी मागतेयस की आरोप करतेयस?"

"दोन्ही नाही. तुझी माफी मला नको आणि माझी तुला देणार नाही. जिची मागायची ती गेली." तिने टेबलाच्या खणातून चार पानं काढली; स्वच्छ अक्षरात उतरवलेली, वर तारीख. "ही प्रत. आईच्या हातात द्यायची असते. आता तिच्या आईच्या हातात दे."

"तूच का नाही देत?"

"कारण मी दिली तर तू म्हणशील खोटी आहे." तिने दार उघडून धरलं. "आणि एक. आता मी कोणाबरोबर शब्द ठरवत नाही. तुला ऐकून बरं वाटावं म्हणून नाही सांगत. परत वर्गात येऊन तमाशा केलास तर तेव्हा हे पण सांग."

तो निघाला. जिन्यात त्याने चौथं पान वेगळं काढलं, चौघडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

रविवारी तो सासूबाईंकडे गेला. मुलगी मशीनशेजारी टोपलीत झोपली होती, कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या गोधडीवर. सासूबाईंनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"आणलीत?"

"प्रत आहे."

"वाचा. माझे डोळे पोचत नाहीत त्या अक्षरापर्यंत."

त्याने वाचलं. फोनचं वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, असंच म्हणाली होती." जिन्याचं वाचलं. मुलाला शिट्टी द्यायची नाही, हे वाचलं तेव्हा त्यांना हसू फुटलं, मग पदर डोळ्यांना गेला. सतराच्या पाढ्याला त्या म्हणाल्या, "तिसरीत तो पाढा येत नव्हता म्हणून रडली होती माझ्याजवळ बसून." तिसऱ्या पानाची शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. ताई, तुमचे हात गरम आहेत, काढू नका.

"हे किती वाजता?"

"अकरा."

"पुढे?"

शिट्टीने पानं सारखी केली. तीनच पानं होती, सारखी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. "पुढे लिहायला वेळच मिळाला नसेल तिला," तो म्हणाला. "पळापळ झाली."

"अकरा ते दोन पळापळ?"

"तसंच काहीतरी."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं त्या माणसांचे सदरे बघत आल्या होत्या. कुठलं कापड कुठे उचललं गेलंय हे त्यांना सांगावं लागायचं नाही. "खिशात काय आहे?"

"बसचं तिकीट."

"एवढं मोठं?"

मुलगी टोपलीत कुरकुरली. तो उचलायला वाकला, पण सासूबाईंनी त्याच्याआधी तिला घेतलं.

"तुम्ही काय केलंत ते मला नकोय, जावईबापू. न्यायनिवाडा करायला मी बसलेली नाही. तुम्ही काही केलं असेल तर ते तुमच्यापाशी. पण तिचे शब्द तुमचे नाहीत. ते तुम्ही खिशात घालून फिरता, ह्याची तरी लाज वाटू द्या."

"मी..."

"आज नको. आज तुम्ही आणखी एक खोटं बोलाल. पुढच्या रविवारी या."

तो पुढच्या रविवारी गेला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो पहिली तीन पानं वाचतो, कारण सासूबाई ती पुन्हा वाचायला सांगतात. त्यांना ती आता पाठ झाली आहेत आणि तो अडखळला तर त्याच पुढचं सांगतात. तीन पानं संपली की त्या थांबतात आणि त्याच्याकडे बघतात. शब्दाने विचारत नाहीत. तो पाणी पितो, मुलीला दहा मिनिटं मांडीवर घेतो, मग परत देतो आणि बस पकडतो. डूलाबद्दल आता तो कोणाला काही सांगत नाही, तिच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर अडवतही नाही. कामावर नियम सांगायचं त्याने क्रेनवाल्यावर सोपवलं आहे.

एकदा बसमध्ये त्याने पान उघडून मनातल्या मनात वाचायचा प्रयत्न केला. मला तो शब्द सांग ना, ह्या ओळीपर्यंत पोचला आणि त्याने घडी घातली. चौघडीच्या रेघेवर कागद आता विरला आहे.

मुलगी सहा महिन्यांची झाली. ती उपडी वळते, मशीनचा आवाज थांबला की रडते, आणि शिट्टीला ओळखत नाही. ती अजून सासूबाईंकडेच आहे. चौथं पान वाचून दाखवायचं राहिलं आहे.